सोलापूर ते ठाणे-खारघर, सीपॅप मशीन सोबत घेऊन

गुरुवार, रात्रीची गाडी

ताईच्या नातवाचं बारसं शनिवारी ठाण्यात आणि भाच्याची, म्हणजे माझ्या भावाच्या मुलाची, खारघरच्या नवीन फ्लॅटची वास्तुशांत सोमवारी, त्यामुळे फेब्रुवारीतला हा सगळा प्रवास एकाच फेरीत बसत होता. मशीन आल्यापासून मी सोलापूरच्या बाहेर मुक्कामाला गेलेच नव्हते. लग्न असो की जत्रा, सकाळी जायचं आणि रात्री घरी परत. पण ताईने फोनवर स्पष्ट सांगितलं की तू राहायलाच यायचं, तुझ्या मशीनला काय काय लागतं ते मला सांग, मी करून ठेवते. मग मी तिला यादीच पाठवली: पलंगाजवळ चालू पॉइंट, एक बुटका स्टूल, आणि मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली. सोलापूरहून पाण्याच्या बाटल्या कशाला वाहायच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मला स्लीप ॲप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते, पातळ प्लास्टिकच्या पिशवीतली हवा ओढून घेतली की ती आतल्या आत चिकटते ना, तसं. श्वास थांबतो, ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून जागा करतो आणि आपल्याला सकाळी यातलं काहीही आठवत नाही. माझ्या स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत, तासाला 34 वेळा असं होत होतं. पाचच्या आत असेल तर नॉर्मल, पंधरापर्यंत सौम्य, तीसच्या वर म्हणजे गंभीर. सीपॅप मशीन नळीतून आणि मास्कमधून सतत ठराविक दाबाची हवा देतं आणि ती वाट उघडी राहते, बास एवढंच. औषध नाही, ऑक्सिजन नाही, खोलीतलीच हवा. पण ते रोज रात्री लावावं लागतं, प्रवासातसुद्धा, कारण ज्या रात्री नाही लावलं त्या रात्री घसा पुन्हा तसाच मिटतो.

गाडीचं तिकीट थर्ड एसीचं, खालचा बर्थ मागून घेतलेला. एसी डब्यातल्या पॉइंटला 110 व्होल्ट असतात, आणि माझ्या मशीनच्या ॲडॉप्टरवर 100 ते 240 छापलंय म्हणजे तिथे चालायला हरकत नाही, पण रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचा नियम आहे, म्हणजे नेमक्या झोपेच्या वेळेला. म्हणून जायच्या आधी मशीनवाल्याकडून बॅटरी घेतली, 97 वॅट-अवरची. त्याने सांगितलं की ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारी मशीनमधली पाण्याची टाकी, आणि गरम होणारी नळी बंद ठेवली तर तुमच्या 11 च्या प्रेशरला रात्र निघेल, कारण खरा करंट पाणी तापवण्यातच जातो, नुसता पंखा फार कमी खातो. घरी दोन रात्री ह्युमिडिफायर बंद ठेवून झोपून पाहिलं तेव्हा सकाळी नाक कोरडं पडलं होतं, त्यावर डॉक्टरांनी झोपताना सलाईनचा स्प्रे मारायला सांगितला.

मशीन कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. खाली ठेवलं तर रात्री कुणाचा तरी पाय लागणार. पाणी काढलेलं होतं त्यामुळे डोक्यापेक्षा वर ठेवलं तरी चालणार होतं, मग खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून ओढणीने बांधलं, फक्त मागची हवा आत ओढायची जाळी उघडी राहील असं. समोरच्या बर्थवर कुर्डुवाडीला चढलेल्या एक मावशी होत्या, बराच वेळ बघत होत्या, शेवटी विचारलंच, "ताई, ऑक्सिजन लागतो का हो तुम्हाला?" म्हणलं नाही हो, झोपेत घसा बंद होतो म्हणून हवा लागते. तर म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं पण असंच होतंय, मध्येच आवाज बंद पडतो, मी उठून हलवते." मी त्यांना सांगितलं की हलवून चालवू नका, छातीच्या किंवा झोपेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते श्वास थांबतात तसा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. त्यांनी ते लिहूनच घेतलं.

दौंड कधी गेलं, पुणे कधी गेलं कळलं नाही. कर्जतच्या आसपास जाग आली तेव्हा बॅटरीचा एक दिवा अजून पेटलेला होता.

शुक्रवार, ठाणे

उजाडायच्या आत ठाणे स्टेशन. भाओजी घ्यायला आले होते. सामान उचलताना मशीनची बॅग मी कुणाच्या हातात देत नाही, ती खांद्यालाच. सोलापुरी शेंगा चटणी आणि कडक भाकरीची पिशवी मात्र लगेच त्यांनी घेतली!

हे स्टेशन मला लहानपणापासून फार आवडतं, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथपर्यंत आली, 34 किलोमीटर, हे आम्हाला शाळेत शिकवलेलं आणि मी पण पुढे शाळेत मुलांना शिकवलेलं.

ताईचं घर नौपाड्यात, जुनी बिल्डिंग, आता बाळ-बाळंतीण घरात त्यामुळे गडबड. पण तिने पाहुण्यांच्या खोलीत सगळं नीट लावून ठेवलं होतं, पलंगाच्या उशाला एक्स्टेंशन बोर्ड, स्टूल, त्यावर धुतलेला नॅपकिन आणि पाण्याची बाटली. देवाच्या खोलीत पाट मांडावा इतक्या निगुतीने. मला खरंच भरून आलं. मी तिला फक्त एवढंच म्हणलं की नॅपकिन मशीनखाली नको, कडक सपाट जागाच बरी, कापड सरकून जाळीवर आलं तर हवा अडते.

दुपारी झोपले नाही. हे माझं पक्कं ठरलेलं आहे, मशीनशिवाय डुलकीसुद्धा नाही. लोकांना वाटतं अर्धा तास पडलं तर काय होतंय, पण श्वास अर्ध्या तासातही थांबतोच आणि उठल्यावर तेच जुनं जड डोकं. त्यापेक्षा मामलेदारची मिसळ खाऊन तलावपाळीला चक्कर मारली. कोपिनेश्वराचं दर्शन, मासुंदा तलावाच्या कडेने हळूहळू एक फेरी, गडकरी रंगायतनच्या समोर बाकावर बसून मी आणि ताई दोघी आईच्या आठवणी काढत राहिलो. आई पण घोरायची. खूप. आणि दुपारी भाजी निवडता निवडता बसल्या बसल्या झोपायची, बीपीच्या गोळ्या चालू असूनही बीपी खाली येत नसे. तेव्हा कुणाला काय माहीत. ताई म्हणाली, "आईला पण हेच असेल गं." मी काही बोलले नाही, पण मला तसंच वाटतं.

आपल्याकडे बाई घोरते हे कुणी बोलतच नाही, आणि बाई स्वतः तर नाहीच नाही. मला स्वतःला काय त्रास होता, तर सकाळी डोकं दुखायचं, रात्री बाथरूमला उठायला लागायचं, चिडचिड, आणि कितीही झोपलं तरी थकवा. थायरॉईड तपासलं, हिमोग्लोबिन तपासलं, पाळी गेल्यामुळे असेल म्हणून झालं. पाळी गेल्यावर बायकांना स्लीप ॲप्नियाचं प्रमाण वाढतं, पण घोरणं आणि दिवसा पेंगणं ही लक्षणं पुरुषांची म्हणूनच डोक्यात बसलेली. माझं निदान झालं ते आमच्या ह्यांनी डॉक्टरांना सांगितलं म्हणून, की ही रात्री मध्येच श्वासच घेत नाही.

रात्री ताईने प्रेमाने एसी एकदम थंड करून ठेवला आणि पहाटे नळीत गुडगुड आवाज यायला लागला, मास्कमध्ये नाकावर पाण्याचे थेंब. हे नवीन माणसाला घाबरवतं, मशीन बिघडलं असं वाटतं, पण बिघाड काही नसतो. ठाण्याची हवा आधीच दमट, त्यात मशीन हवेला आणखी ओलावा देतं, आणि ती ओली हवा गार खोलीतल्या गार नळीत आली की तिचं पाणी होतं. मी नळी काढून झटकली, ह्युमिडिफायर 5 वरून 2 वर आणला, एसी 26 वर, आणि नळी पांघरुणाच्या आतून घेतली. पुन्हा आवाज नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत मी 5 वर झोपते, समुद्राकडे आलं की आकडा कमी करायचा, हे आता लक्षात राहील.

शनिवार, बारसं

सकाळी उठल्यावर मशीनचा स्क्रीन बघायची मला सवय आहे. 2.1. म्हणजे तासाला दोनदाच श्वास अडला. तो आकडा बघितला की दिवस चांगला सुरू होतो.

बारसं जवळच्याच हॉलमध्ये. पाळणा सजवलेला, बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं, बायकांनी पाळणा म्हटला, जेवणात मसालेभात, अळूवडी, जिलेबी. एवढं पोटभर जेवून सुद्धा मी दुपारभर बाळाला मांडीवर घेऊन जागी बसले होते. मशीनच्या आधी मला कुणी बाळ हातात द्यायला घाबरायचे, कारण मी बसल्या बसल्या पेंगायचे. त्या दुपारी ताईच्या सुनेने स्वतःहून बाळ माझ्याकडे दिलं आणि ती दोन तास शांत झोपून आली. बाकी कार्यक्रम सगळ्यांच्या घरी होतो तसाच.

संध्याकाळी ताईचा धाकटा मशीन बघायला आला, इंजिनिअर आहे, त्याला सगळं उघडून बघायचं होतं. त्यानेच शोधून सांगितलं की सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली आणि 1981 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात ती छापून आली, आणि सुरुवातीच्या मशीनला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. त्याआधी फार गंभीर रुग्णांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवायचे. हे ऐकून ताई एकदम गप्प झाली, मग म्हणाली, मग हे मशीन तर देवच म्हणायचं. मलाही तसंच वाटतं आणि मी ते उघड म्हणते. ज्याला रात्रीची झोप आहे त्याला हे नाही कळणार.

फिल्टर काढून बघितला तर दोनच रात्रीत राखाडी. खोली रस्त्याकडेला, आणि ठाण्यात सगळीकडे मेट्रोची नाहीतर बिल्डिंगची कामं. माझ्याकडे जास्तीचे फिल्टर होते, लगेच बदलला. पातळ पांढरा चौकोनी तुकडा, वजन काहीच नाही, बॅगेत चार टाकून ठेवायला काय हरकत आहे.

रविवार, ऐरोलीमार्गे खारघर

धाकट्याने ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायच्या बोटीचं बुकिंग केलं होतं. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते आणि आमची आली सकाळची, म्हणून साडेपाचला उठायचं. दहा वाजताच मास्क लावून झोपले, साडेपाचला गजराच्या आधी जागी.

ठाण्याची खाडी. दोन्ही बाजूला तिवरांची झाडं, पाण्यावर धुकं, आणि पुढे वळल्यावर चिखलावर लांबच लांब गुलाबी पट्टा. बोटीचा आवाज बंद केल्यावर त्यांची बडबड ऐकू येते, बदकांसारखी. बोटीवरच्या पोराने सांगितलं की ते खातात त्या शेवाळातल्या रंगामुळे पिसं गुलाबी होतात, पिल्लं करडी असतात. थंडीपासून मेपर्यंत ते इथे असतात. खाडीतलं हे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं. पलीकडे ऐरोलीचा पूल, त्यावरून गाड्या चालल्यात, आणि खाली हे हजारो पक्षी, मी तर बघतच राहिले. आमच्या ह्यांनी मला हळूच विचारलं, "अजिंठ्याचं आठवतं?" आठवतं ना. अजिंठ्याला शाळेची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा बसमध्ये मी जाता येता झोपलेलीच, आणि लेण्यांच्या बाहेर दगडावर बसून राहिलेली, आत चढून जायची ताकद नव्हती. इथे मी तासभर उभी होते.

तिथून ठाणे-बेलापूर रस्त्याने खारघर. उत्सव चौकाच्या पुढे सेक्टरांमध्ये भाच्याचा फ्लॅट, बाराव्या मजल्यावर, खिडकीतून डोंगर दिसतो. घर भरलेलं. दादा-वहिनी, नाशिकच्या चुलत वहिनी, वहिनींच्या माहेरचे, पोरं. भाचा म्हणाला, "आत्या, तुझ्यासाठी बेडरूम ठेवलीये, पॉइंट पलंगाजवळच आहे." पण सगळ्या बायका हॉलमध्ये गाद्या टाकून झोपणार, रात्री दीडपर्यंत गप्पा चालणार, आणि मी एकटी दार लावून आत? मला नाही जमणार. म्हणलं मी हॉलमध्येच झोपणार, टीव्हीजवळच्या पॉइंटला.

जमिनीवर झोपायचं तर एक अडचण येते. मशीनमध्ये पाणी असेल तर ते डोक्यापेक्षा खाली पाहिजे, नाहीतर हलल्यावर पाणी नळीत यायची भीती. गादी जमिनीवर तर मशीन अजून खाली कुठे नेणार? भाच्याने तीन गाद्या एकावर एक टाकल्या आणि मशीन फरशीवर, म्हणजे झालं वर-खाली. पोरं येऊन बसली, आत्याआजी पायलट झाली म्हणून मास्क लावून बघायचा हट्ट, त्यांना मी नुसती हवा हातावर घेऊ दिली. मास्क दुसऱ्याला लावायला देत नाही, ती माझी वैयक्तिक वस्तू आहे, टूथब्रश देतो का कुणी.

मास्क लावून पण गप्पा मारता येतात, फक्त तोंड उघडलं की हवा सुटते म्हणून मी ऐकायचं काम केलं. आणि मी झोपल्यावर माझ्या बाजूने काहीच आवाज नाही म्हणे, वहिनी सकाळी म्हणाल्या, "वन्सं, आम्हाला वाटलं मशीनचा घुंघुं आवाज येईल, पण आवाज तर दुसरीकडूनच येत होता."

सोमवार, वास्तुशांत

तो आवाज नाशिकच्या वहिनींचा. सकाळी गुरुजी यायच्या आधी त्या स्वयंपाकघरात डोकं धरून बसलेल्या, चहा झाल्याशिवाय रोजच दुखतं म्हणाल्या. मी त्यांना बाजूला घेऊन मला डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न एकेक करून विचारले: जोरात घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी बघितलाय का, बीपी आहे का, वजन, वय, गळ्याचा घेर. त्यांची बरीच उत्तरं हो. त्या संकोचल्या, म्हणाल्या बाईमाणसाने असं काय सांगायचं, आणि हे तोंडाला लावून झोपायचं म्हणजे यांना काय वाटेल. मी म्हणलं वहिनी, तुमची गाडी तुम्हीच चालवता ना शाळेपर्यंत? सिग्नलला डोळा लागतो का कधी? त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मान हलवली. मग मी जरा कडकच बोलले. म्हणलं हे फक्त घोरणं नाहीये, याने बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो, आणि चालवताना डोळा लागला तर तुम्ही पण जाल आणि समोरचा पण. नाशिकला गेल्यावर आधी टेस्ट करा, आता घरी मशीन लावून पण स्लीप स्टडी होते, दवाखान्यात झोपायलाच पाहिजे असं नाही. मशीन लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील, कुणाला वजन कमी करून फरक पडतो, कुणाला कुशीवर झोपून. पण टेस्ट करा.

पूजा छान झाली. होम, नवग्रह, संध्याकाळी शेजारपाजारचे तीर्थप्रसादाला.

आणि रात्री अडीचला लाईट गेली. मास्कमधली हवा एकदम थांबली की जाग येतेच. नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क असेल तरी घाबरायचं कारण नाही, त्याला एक झडप असते, हवा बंद झाली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. बिल्डिंगचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांना, घरात नाही. बॅटरी मी ठाण्यात आल्या आल्या पुन्हा चार्ज करून ठेवली होती, अंधारात हात घालून पिन जोडली, ह्युमिडिफायर बंद केला आणि झोपले. लाईट पहाटे आली म्हणे, मला माहीत नाही.

मंगळवार, परत

सकाळी पोरांबरोबर मेट्रोने पेंढरपर्यंत जाऊन आलो, बेलापूर-पेंढर ही लाईन 2023 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, स्वच्छ आहे आणि पोरं खूश. मग पाण्याची टाकी रिकामी करून पुसून कोरडी केली, मास्क साबणाने धुवून सावलीत वाळवला, उन्हात त्याचं सिलिकॉन खराब होतं. सगळं बॅगेत ठराविक जागी.

परतीला मुद्दाम दिवसाची बस घेतली, एक्स्प्रेसवेने पुणे आणि पुढे सोलापूर. हे शेजारी बसून मला झोप येतेय का बघत होते, पण घाट, लोणावळा, भिगवणजवळचं पाणी, मी खिडकीतून सगळं बघत आले.

आता मे महिन्यात लेकाकडे बंगळुरूला विमानाने जायचंय. चौकशी सुरू केलीये. मशीन चेक-इनमध्ये टाकायचं नाही, हातातच ठेवायचं, टाकीत पाण्याचा थेंब नको, लिथियम बॅटरी फक्त केबिनमध्ये चालते आणि 100 वॅट-अवरच्या आतली असली तर वेगळी परवानगी लागत नाही, माझी 97 ची आहे म्हणजे ते बसतंय. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत घेऊन ठेवलंय आणि विमान कंपनीला आधी फोन करून मशीनची बॅग वेगळी धरतात का ते विचारणार आहे. नाशिकच्या वहिनींचा काल फोन आला, शुक्रवारी त्यांच्या घरी टेस्टचं मशीन लावायला माणूस येतोय, आणि त्यांनी विचारलं की वायरी लावून झोप लागते का. म्हणलं थोडी कमी लागते, पण डॉक्टरांना लागेल तेवढी माहिती मिळते, तुम्ही फक्त त्या दिवशी दुपारी झोपू नका आणि संध्याकाळचा चहा टाळा.